शेजारप्रीती आणि विक्रीखत : मेरीलँड, १८३८

प्रकरण थोडक्यात

१९ जून १८३८ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी आपल्याकडची २७२ गुलाम माणसे विकण्याचा करार केला. घेणारे दोघेही लुईझियानाचे मळेवाले होते: त्या राज्याचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी. रक्कम ठरली १,१५,००० डॉलर, म्हणजे माणशी साधारण ४२३. तान्ह्या मुलांसकट सगळी नावे यादीत होती. या माणसांचा स्नानसंस्कार, लग्ने, पापनिवेदन आणि मयताची प्रार्थना हे सारे विकणाऱ्या संघाच्याच धर्मगुरूंनी केले होते. 'तू आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' हे वचन दोन्ही बाजूंनी एकाच वेदीसमोर ऐकले होते.

म्हणून हे प्रकरण निवडले. गुलामगिरीचे समर्थन करणारे ख्रिस्ती पुष्कळ झाले, विरोध करणारेही झाले. इथे मात्र प्रीतीची आज्ञा कोणीही नाकारली नाही. उलट ती विक्रीच्या अटींमध्ये लिहून घेतली. एवढे करूनही असे कसे घडले, हे पाहायचे आहे.

ज्यांची सार्वजनिक नोंद आहे अशा पदाधिकाऱ्यांची नावे खाली दिली आहेत. आज हयात असलेल्या एकाही वंशजाचे नाव दिलेले नाही.

पार्श्वभूमी

मेरीलँडमध्ये जेझुइट आले ते १६३४ साली, वसाहतीच्या पहिल्याच जहाजांबरोबर. त्यांना इतर वसाहतवाल्यांसारखीच जमीन मिळाली. पुढे सेंट इनिगोज, न्यूटाउन, व्हाइट मार्श, सेंट थॉमस मॅनर असे मळे उभे राहिले आणि तंबाखू-मक्याच्या कामाला गुलाम आले. चर्च चालवायला देणगी नको, मळ्याचे उत्पन्न पुरे, अशी ही व्यवस्था होती. १७८९ साली जॉन कॅरल यांनी जॉर्जटाउन कॉलेज स्थापन केले. जेझुइटांच्या नियमाप्रमाणे शिक्षण मोफत द्यायचे होते. फी घेण्याची मुभा रोमकडून १८३० नंतरच मिळाली. मोफत शिक्षणाचा खर्च कुठून येत होता, ते वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे जेझुइट म्हटले की मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज डोळ्यांपुढे येते आणि गुलामांशी या संघाचा संबंध जोडणे विचित्र वाटते. पण पोर्तुगीज गोव्यातही त्यांच्या मठांतून आणि कॉलेजांतून गुलाम राबत होते. त्या काळच्या कॅथलिक शिकवणीत गुलाम बाळगणे हे आपोआप पाप ठरत नव्हते. मालकाची कर्तव्ये सांगितलेली होती: पोटाला द्या, छळ करू नका, संस्कार चुकवू नका, नवरा-बायकोला वेगळे करू नका. शेजारप्रीतीचे माप या कर्तव्यांनीच घेतले जाई. गुलाम शेजारी होता, पण त्याने आपल्या जागी राहायचे होते.

प्रत्यक्षात ही कर्तव्येही पाळली जात नव्हती. १८२० साली आयर्लंडहून पाहणीसाठी आलेल्या फादर पीटर केनी यांनी लिहून ठेवले की गरोदर बायकांना चाबकाचे फटके देऊ नयेत आणि धर्मगुरू राहतात त्या घरात तर कोणत्याच बाईला ही शिक्षा देऊ नये. सूचना लिहावी लागली, त्याअर्थी ते घडत होते.

गुलाम गप्प होते असेही नाही. व्हाइट मार्शच्या एडवर्ड क्वीन यांनी मळ्याचे कारभारी फादर जॉन अॅश्टन यांच्यावर दावा लावला आणि १७९४ साली ते न्यायालयातून स्वातंत्र्य मिळवून बाहेर पडले. आपली आजी स्वतंत्र स्त्री होती, हा त्यांच्या दाव्याचा आधार. त्यांच्या मागोमाग क्वीन घराण्यातल्या इतरांनीही दावे लावले. म्हणजे १८३८ च्या चाळीसेक वर्षे आधीच या माणसांनी आपले म्हणणे न्यायालयात मांडून दाखवले होते. पुढच्या कुठल्याही बैठकीत मात्र त्यांना विचारले गेले नाही.

पेच

१८३० च्या सुमाराला तीन गोष्टी एकत्र आल्या. मळे तोट्यात होते, निदान तशी तक्रार होती. कॉलेजवर कर्ज होते, कारण अध्यक्ष थॉमस मलेडी यांनी इमारती बांधायला हात सैल सोडला होता. आणि तरुण अमेरिकन जेझुइटांना खेड्यांतले मळे सोडून शहरांत शाळा काढायच्या होत्या. कॅथलिक स्थलांतरितांची वस्ती तिकडे वाढत होती. मलेडी आणि विल्यम मॅकशेरी हे दोघे व्हर्जिनियाचे, या गटाचे म्होरके. १८३३ मध्ये जेझुइट संघाच्या रचनेत मेरीलँडला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला, मॅकशेरी पहिले प्रांताधिकारी, म्हणजे त्या प्रांतातल्या जेझुइटांचे प्रमुख, झाले आणि विक्रीचा प्रश्न रीतसर पुढे आला.

विरोधात होते ते बहुतेक युरोपातून आलेले, वयस्क, मळ्यांवर राहिलेले धर्मगुरू. त्यांचे म्हणणे होते की ही आपली माणसे आहेत, यांच्या आत्म्यांचा जाब देवापुढे आपल्याला द्यायचा आहे. पण या विरोधकांतलेही बहुतेक जण मुक्ती मागत नव्हते. माणसे आपल्याकडेच ठेवा, एवढेच त्यांचे सांगणे होते. वाद 'ठेवा की विका' असा झाला आणि 'सोडा' हा शब्द मेजावरून केव्हा खाली पडला ते कोणाच्या लक्षातही आले नाही. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही जागा.

तोलले गेलेले पर्याय

पहिला पर्याय जुनाच होता. १८१४ साली मळ्यांच्या विश्वस्तांनी ठरवले होते की गुलामांना ठरावीक वर्षांच्या मुदतीने विकायचे आणि मुदत संपल्यावर त्यांनी स्वतंत्र व्हायचे. किंमत कमी येणार होती, पण शेवटी सुटका होती. १८२० मध्ये हा ठराव मागे घेतला गेला. हा ठराव एकदा कागदावर आलेला होता, त्यामुळे 'त्या काळात असा विचार कोणाला सुचणेच शक्य नव्हते' हा बचाव इथे चालत नाही.

दुसरा, सरळ मुक्ती. त्याविरुद्ध कायदा पुढे केला जाई. व्हर्जिनियातल्या नॅट टर्नर या गुलामाच्या १८३१ च्या बंडानंतर मेरीलँडने नियम केला की यापुढे मुक्त होणाऱ्याने राज्य सोडावे, राहायचे असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी. अडचण खरी होती, पण तिचा बाऊ जास्त केला गेला. त्याच मेरीलँडमध्ये तेव्हा ५०,००० हून अधिक मुक्त कृष्णवर्णीय राहत होते, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. बाल्टिमोरमध्ये गोदीपासून धोबीकामापर्यंत ते पोट भरत होते. 'हे लोक स्वतंत्र होऊन जगणार कसे' असे विचारणाऱ्याला उत्तर रस्त्यावर दिसत होते.

तिसरा, माणसांना आफ्रिकेत लायबेरियाला पाठवणे. हा विचार तेव्हा बऱ्याच भल्या गोऱ्या मंडळींना आवडे. इथे त्याची चर्चा झाली, पुढे काही झाले नाही.

चौथा पर्याय मळ्यावरच आकाराला येत होता. सेंट इनिगोजला फादर जोसेफ कारबरी यांनी गुलाम कुटुंबांना जमिनीचे तुकडे वाटून कसायला दिले होते, मुकादमाचा जाच कमी केला होता. मळ्याची स्थिती त्याने सुधारली. याचीच पुढची पायरी म्हणजे कुळ म्हणून मुक्त माणसे. ती पायरी कोणी चढले नाही.

पाचवा, मेरीलँडमध्येच थोडी थोडी विक्री. यात निदान नातेवाईक चालत भेटण्याच्या अंतरावर राहिले असते. पण वेळ लागला असता आणि भाव पडला असता. राहिला सहावा: सगळ्यांना एकदम दक्षिणेला विकणे. तिथे ऊस आणि कापसाला माणसे हवी होती आणि पैसा मोठा होता.

धर्मशास्त्राची मदत दोन्हीकडून घेता येत होती. सेंट इनिगोजचे पूर्वीचे कारभारी ब्रदर जोसेफ मोबर्ली यांनी १८२३ मध्ये नोहाने नातवाला 'दास होशील' असा शाप दिल्याची बायबलमधली कथा धरून गुलामगिरीचे समर्थन लिहिले होते. 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' हे पौलाचे वाक्य तर तोंडपाठच. पण त्याच पौलाने फिलेमोन या धन्याला पत्र लिहून त्याच्याकडून पळून आलेल्या अनेसिमला दास म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून परत घ्यायला सांगितले आहे. लूकच्या शुभवर्तमानात शास्त्री विचारतो, 'माझा शेजारी कोण?' आणि येशू दाखल्याच्या शेवटी प्रश्न फिरवतो: लुटारूंच्या हाती सापडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला? त्या दाखल्यात जखमीला उचलून सराईत नेणारा परका शोमरोनी स्वतःच्या कनवटीचे दोन दिनार सराईवाल्याला देतो, वर म्हणतो, आणखी लागले तर परत येताना देईन. प्रीतीची किंमत कोणी मोजायची, हे तिथे स्पष्ट आहे. मेरीलँडमध्ये जखमीलाच विकून खर्च भागवला गेला.

काय केले

१८३५ च्या प्रांतसभेत बहुमत विक्रीच्या बाजूने पडले. रोममधले संघाचे सर्वोच्च अधिकारी, हॉलंडचे यान रोथान, सुरुवातीला राजी नव्हते. अखेर डिसेंबर १८३६ मध्ये त्यांनी परवानगी दिली, पण अटींवर. विकलेल्यांना कॅथलिक धर्म पाळायची मोकळीक आणि धर्मगुरूची सोय असावी. कुटुंबे फुटू नयेत. म्हाताऱ्या-आजाऱ्यांची व्यवस्था व्हावी. आलेला पैसा कर्ज फेडायला किंवा रोजच्या खर्चाला वापरू नये, तो गुंतवून त्यातून जेझुइटांचे प्रशिक्षण चालावे.

अटी वाचताना वाटते की या माणसाला टोचणी होती. पण अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणार कोण, ते कुठेच नव्हते. रोमला पत्र जायला आठवडे लागत. लुईझियानात त्या मळ्यांजवळ जेझुइटांचे ठाणे नव्हते. अट मोडली तर विक्री रद्द, असे कलम नव्हते आणि असते तरी गुलामाला ते न्यायालयात वापरता आले नसते.

१८३७ च्या मंदीमुळे थोडे थांबावे लागले. मग मलेडी प्रांताधिकारी झाले आणि त्यांनी सौदा पुरा केला. २५,००० डॉलर रोख, बाकी ९०,००० पुढच्या वर्षांत हप्त्यांनी, सव्याज. रोख रकमेतले १७,००० जॉर्जटाउनच्या कर्जाला गेले आणि ८,००० बाल्टिमोरच्या आर्चबिशपांशी चाललेला जुना पैशाचा वाद मिटवायला. कर्जाला हात लावू नका ही रोमची अट पहिल्याच हप्त्यात मोडली.

पहिली तुकडी जून संपण्याच्या आत जहाजावर चढवली. उरलेल्यांना नेण्यासाठी नोव्हेंबरात मलेडी स्वतः मळ्यांवर गेले. सुगावा लागताच काही जण रानात पळाले. न्यूटाउनच्या फादर पीटर हॅव्हरमन्स यांनी रोमला लिहिलेल्या पत्रात तो दिवस आहे. लोकांनी जाताना जपमाळा मागितल्या. एका गरोदर बाईने त्यांना विचारले की बाळंतपण वाटेत होईल की समुद्रावर तेही मला ठाऊक नाही, माझे काय होईल, मी असे काय केले आहे? धर्मगुरूंनी तिला देवावर विश्वास ठेवायला सांगितले. दुसरे सांगण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरले नव्हते.

'कॅथरीन जॅक्सन' हे जहाज अलेक्झांड्रियाहून निघून ६ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्सला लागले.

परिणाम

यादीतले सगळे २७२ लुईझियानाला पोचले नाहीत. काही पळाले, काही म्हातारपणामुळे मागे ठेवले गेले, काहींच्या जागी दुसरी माणसे भरली गेली. शेजारच्या मळ्यावर नवरा किंवा बायको असलेल्यांची ताटातूट झाली. घर एका मालकाचे नसले की 'कुटुंब फोडू नका' ही अट निरर्थक होते, हे अट लिहिणाऱ्याला सुचले नसावे. लुईझियानात बेटींचा मळा त्यांच्या मृत्यूनंतर विकला गेला आणि माणसे पुन्हा नव्या धन्याकडे गेली. जॉन्सन यांना हप्ते जमेनात, मुदती वाढवून द्याव्या लागल्या.

धर्मपालनाच्या अटीचे काय झाले ते १८४८ च्या एका पत्रात दिसते. फादर जेम्स व्हॅन द व्हेल्डे त्या भागात गेले असता लोकांना ना चर्च होते, ना नियमित धर्मगुरू. त्यांनी मलेडींना लिहून चर्चसाठी पैसे मागितले. आजही त्या वंशजांत पुष्कळ कॅथलिक आहेत. जपमाळा ज्यांनी मागून घेतल्या त्यांनीच धर्म टिकवला. अट घालणाऱ्यांकडे त्याचे श्रेय जात नाही.

कुटुंबे फुटल्याच्या तक्रारी रोमला पोचल्यावर १८३९ मध्ये रोथान यांनी मलेडींना पदावरून दूर केले. मलेडी स्वतःची बाजू मांडायला युरोपात गेले, काही काळ नीसला राहिले आणि १८४३ मध्ये परत आले ते वूस्टरच्या नव्या होली क्रॉस कॉलेजचे पहिले अध्यक्ष म्हणून. दोन वर्षांनी पुन्हा जॉर्जटाउनचे अध्यक्ष. शिक्षा किती काळ टिकली हे यावरून कळते. शिवाय शिक्षा अटी मोडल्याबद्दल झाली होती, विकल्याबद्दल नव्हे.

३ डिसेंबर १८३९ रोजी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार करणारे पत्र काढले. अमेरिकेत चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी लगेच अर्थ लावून दिला की हे समुद्रापारच्या व्यापाराबद्दल आहे, घरच्या गुलामगिरीला लागू नाही.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळे करता आले असते

१८२० ची जागा मी १८३८ पेक्षा मोठी मानतो. मुदतीनंतर मुक्ती देणारा ठराव हातात होता. तो अमलात आला असता तर १८३८ पर्यंत मोठी पिढी मोकळी झाली असती आणि विकायला उरलेच असते थोडे. ठराव मागे घेताना कोणा एकाचे वाईट झाले असे दिसत नाही, म्हणून त्या दिवसाची आठवणही कोणी काढत नाही.

१८३६ च्या परवानगीत रोथान यांना दोन गोष्टी शक्य होत्या. एक, नाही म्हणणे. दोन, अटींची पूर्तता आधी आणि विक्री नंतर, असा क्रम लावणे: आधी ताटातूट होऊ शकणाऱ्या जोडप्यांची यादी, आधी लुईझियानात धर्मगुरू, मग सही. दुसरे केले असते तर बहुधा सौदाच झाला नसता, आणि अटी खऱ्या होत्या की मनाच्या समाधानासाठी, हे तेव्हाच कळले असते.

विरोध करणाऱ्या धर्मगुरूंबद्दल माझे मत सौम्य नाही. त्यांनी पत्रे लिहिली, रडले, आशीर्वाद दिला. मुक्तीची मागणी त्यांनी आधीच्या वीस वर्षांत संघटितपणे केली असती तर प्रांतसभेत तिसरी बाजू उभी राहिली असती. पेनसिल्व्हेनिया शेजारचेच राज्य. तिथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला आपल्या सभेतून काढायचे ठरवले होते. तेही मळेवाले आणि व्यापारी होते, त्यांचेही नुकसान झाले. बायबल दोघांचे एकच होते.

आणि विकल्या जाणाऱ्यांना विचारणे. क्वीन घराण्याने दाखवले होते की ही माणसे बोलू शकतात, वकील देऊ शकतात, जिंकू शकतात.

१७७ वर्षांनी

२०१५ मध्ये जॉर्जटाउनच्या विद्यार्थ्यांनी मलेडी आणि मॅकशेरी यांची नावे असलेल्या इमारतींवरून आंदोलन केले. तेव्हाचे अध्यक्ष जॉन डिजोया यांनी त्याच वर्षी समिती नेमली होती, तिचा अहवाल सप्टेंबर २०१६ मध्ये आला. वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसारखे प्राधान्य द्यायचे ठरले. त्याच वेळी वंशजांनी विचारले की आमच्याबद्दलच्या समितीत आम्ही का नव्हतो? १८३५ च्या प्रांतसभेलाही हाच प्रश्न लागू होता.

१८ एप्रिल २०१७ रोजी पश्चात्तापाची प्रार्थनासभा झाली, जेझुइटांच्या वतीने फादर टिमोथी केसिकी यांनी वंशजांसमोर क्षमा मागितली. मलेडींच्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव मिळाले. विक्रीच्या यादीत पहिले नाव 'आयझॅक, वय ६५' असे आहे. २०१९ च्या मतदानात दोन-तृतीयांश विद्यार्थ्यांनी वंशजांसाठी सत्राला २७.२० डॉलर फी स्वतःवर लावून घ्यायला होकार दिला. विद्यापीठाने ती फी लावली नाही, देणग्यांतून वर्षाला ४ लाख डॉलर उभे करायचे जाहीर केले. २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांबरोबर काढलेल्या प्रतिष्ठानाला १० कोटी डॉलर देण्याचे वचन दिले, पुढचे उद्दिष्ट १ अब्जाचे. सप्टेंबर २०२३ मध्ये जेझुइट आणि जॉर्जटाउन मिळून २ कोटी ७० लाख आले.

वंशजांत यावर एकमत नाही. काहींना शिष्यवृत्त्या आणि समेटाचे काम पुरेसे वाटते. काही म्हणतात, पैसा थेट कुटुंबांच्या हाती द्या, त्याचे काय करायचे ते आम्ही ठरवू. प्रतिष्ठानाने पहिला मार्ग धरला आहे. दुसरी मागणी अजून उभी आहे.